तुंग दिसतो

आमच्या घरात भिंतीवरून भांडण झालं आणि ते माझ्या दिरांनी सुरू केलं, हे मी आधीच सांगून टाकते.

भिंत आमच्या घरातली नव्हती. तळेगावच्या ज्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवला, तिथं नवं सभागृह बांधलं गेलं आणि मंचामागची बारा फूट रुंद भिंत रिकामी राहिली. आताची मुख्याध्यापिका स्नेहल माझी विद्यार्थिनी. तिच्या मनात आलं की तिथं मावळचं एकच मोठं छायाचित्र लावायचं, तेही शाळेशी संबंध असलेल्या कुणीतरी काढलेलं. म्हणून तिनं मला बोलावलं, आणि माझ्याबरोबर माझे धाकटे दीर बाळ भावोजी यांनाही. भावोजींनी त्याच शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवलं. त्यांच्याकडे लोणावळ्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त लेन्स आहेत, आणि प्रत्येक लेन्सची किंमत त्यांना बायकोच्या वाढदिवसाच्या तारखेपेक्षा चांगली आठवते.

भावोजींनी ड्रोननं काढलेला एक धबधबा आणला होता. हिरवागार. इतका हिरवा की स्नेहलनं चष्मा काढून पुसला.

मी काहीच आणलं नव्हतं. मी म्हणाले, "स्नेहल, कान्हे गावाच्या मागच्या टेकडीवरून चार किल्ले एका रांगेत दिसतात. ते लावायचे."

"हो बाई," ती लगेच म्हणाली, "डावीकडून तिकोना, तुंग, लोहगड, विसापूर. मला अजून पाठ आहे."

भावोजी हसले. "पाठ असेल. पण दिसतात कुठं? वहिनी, मी त्या टेकडीवर पाचसहा वेळा गेलोय. विसापूर दिसतो. हवा बरी असली तर लोहगड. तिकोना आहे असं समजून मान डोलवायची. आणि तुंग? तुंग तिथून दिसूच शकत नाही. मधे डोंगर आहे."

"मधे खिंड आहे. खिंडीतून दिसतो."

"तू कधी पाहिलास?"

"दहा वर्षांची असताना."

"बघा!" ते स्नेहलकडे वळून म्हणाले, जसं काही माझ्या वयानंच निकाल लागला होता.

मग स्नेहल थोडी अडखळत म्हणाली, "बाई, तुम्हाला सांगणार नव्हते. गेल्या वर्षी आम्ही आठवीची सहल तिथं नेली. मी मुलांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, समोर बघा, चार किल्ले. समोर नुसतं दुधी पांढरं. एक मुलगा म्हणाला, मॅडम, तुमच्या बाईंनी तुम्हाला गंडवलं."

ती हसत हसत सांगत होती, पण मला ते लागलं. मी वर्षानुवर्षं प्रत्येक वर्गाला हे सांगितलं होतं. पुस्तकात नव्हतं, तरी सांगितलं होतं. मावळ समजायचं असेल तर त्या टेकडीवर जाऊन उभं राहा, चार किल्ले दिसतील, त्यांच्यामधून पवनेचं खोरं कुठं वळतं तेही दिसेल, असं. कितीतरी मुलांनी ते वहीत उतरवलं असेल. ते खरं नसेल, तर मी इतक्या मुलांना आयुष्यभर पुरेल असं खोटं शिकवलं.

"मी फोटो काढून दाखवते," मी म्हणाले. "चारही दिसले तर भिंत माझी. नाही दिसले तर भावोजींचा धबधबा लाव. आणि उद्घाटनाच्या दिवशी मी मंचावर उभी राहून सांगेन की मी चुकीचं शिकवलं."

"अहो बाई, इतकं कशाला..."

"सांगेन."

उद्घाटन सव्वीस जानेवारीला होतं. दिवाळी नुकतीच झाली होती. छपाईला दोन आठवडे लागणार, म्हणून स्नेहलनं मला जानेवारीच्या दहा तारखेपर्यंत मुदत दिली.

माझे वडील कान्ह्याच्या प्राथमिक शाळेत गुरुजी होते. आम्ही रेल्वेच्या रुळांपलीकडे एका शेतकऱ्याच्या दोन खोल्यांत राहायचो, आणि त्या घरातली मुलगी नंदा माझी मैत्रीण. दिवाळीनंतर भात कापून झालं की वडील आम्हाला टेकडीवर न्यायचे. ते छत्री घेऊन चढायचे, पाऊस नसला तरी, आणि वर पोहोचल्यावर त्याच छत्रीच्या टोकानं किल्ले दाखवायचे. विसापूर लांबलचक, आडवा पडलेला. लोहगड त्याला चिकटून. तिकोना नावासारखाच. आणि लोहगड-तिकोन्याच्या मधल्या खिंडीत, खूप मागे, एक टोकदार सुळका. तो तुंग. हवा अशी असायची की विसापूरच्या तटाचे दगड मोजावेत असं वाटायचं. रात्री त्या दिशेला एकही दिवा दिसत नसे.

आता टेकडीसमोरच्या खोऱ्यातून द्रुतगती महामार्ग जातो, नवलाख उंबरे गावाच्या बाजूला कारखाने झालेत, शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग असते. याबद्दल मी तक्रार करत नाही. त्या कारखान्यांत माझेच विद्यार्थी नोकरीला आहेत आणि त्यांनी पक्की घरं बांधलीत. पण हवा धुरकट झाली हे खरं. डोळ्यांना पलीकडचं दिसत नाही.

कॅमेऱ्याला दिसू शकतं, हे मला माहीत होतं. उन्हात तांबड्या रंगाच्याही पलीकडचा एक प्रकाश असतो, अवरक्त. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. धुरकटात निळा प्रकाश विखुरतो आणि सगळं पांढरं करून टाकतो, पण हा पलीकडचा प्रकाश त्यातून बराचसा सरळ निघून येतो. दाट धुकं असेल तर त्याचंही काही चालत नाही, साधं धुरकट असेल तर चालतं. साध्या कॅमेऱ्यात हा प्रकाश अडवणारी एक काच असते. माझ्या जुन्या कॅमेऱ्यातली ती काच मी दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका तंत्रज्ञाकडून बदलून घेतली होती. तेव्हापासून माझ्या चित्रांत झाडं पांढरी येतात, आकाश काळं येतं, आणि भावोजी विचारतात, "वहिनी, लोणावळ्यात बर्फ कधी पडला?"

कॅमेरा होता. प्रश्न लेन्सचा होता.

अवरक्त प्रकाशात प्रत्येक लेन्स चालत नाही. दिवसाच्या उजेडात जी उत्तम, तीच इथं चित्राच्या मधोमध एक पांढरट गोल उमटवते. आतल्या काचांवरून हा प्रकाश उलटसुलट आपटतो आणि मध्यभागी गोळा होतो. लेन्समध्ये पात्यांचं एक छिद्र असतं, ॲपर्चर, ते लहान-मोठं करता येतं. छिद्र लहान केलं की हा गोल जास्त ठळक होतो. आणि निसर्गचित्राला तर छिद्र थोडं लहान करावंच लागतं, नाहीतर चित्र धारदार येत नाही. अशी ती पंचाईत.

लोणावळ्यातल्या वलवणच्या आमच्या घराच्या गच्चीवरून समोर डोंगराचा उतार आणि वर मोकळं आकाश दिसतं. मी तिवई तिथं मांडली. कॅमेऱ्याबरोबर आलेली झूम लेन्स लावली. छिद्राचे टप्पे एफ-चार, एफ-आठ अशा आकड्यांनी मोजतात, आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान. ते एकेक टप्पा लहान करत गेले. तिसऱ्या चित्रातच मधे गोल.

भावोजी स्वतःची महागडी लेन्स घेऊन आले. त्यांचं हे मला आवडतं. भांडतात, पण हत्यार देतात. "ही लावून बघ. हिच्यात दोष निघाला तर मी मिशी काढीन."

एफ-आठला गोल आला. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडासारखा, काठांसकट.

"मिशी," मी म्हणाले.

"सौंना विचारून सांगतो," ते म्हणाले आणि लेन्स पिशवीत घालून गेले.

पन्नास मिलीमीटरची एक जुनी लेन्स निर्दोष निघाली. पण तिच्यातून किल्ले इतके बारीक यायचे की बारा फुटांएवढं मोठं केल्यावर तुंगचा नुसता धूसर डाग झाला असता. लांबचं जवळ आणणारी लेन्स हवी होती. तिनं डावीकडून उजवीकडे थोडी थोडी एकमेकांवर येणारी सातआठ चित्रं काढायची आणि संगणकावर जोडायची. अशा जोडचित्रात मधला गोल मुळीच चालत नाही, कारण तो प्रत्येक तुकड्यात येतो. सगळी गच्चीच पापडांची.

तेव्हा मला बल्बचं कपाट आठवलं.

लोणावळ्यात ज्यांनी पावसाळे काढलेत त्यांना हे सांगायला नको. इथं चार महिने भिंती घाम गाळतात, चपलांना बुरशी येते, पुस्तकं वास मारतात. म्हणून प्रत्येक घरात एक कपाट असतं, ज्याच्या तळाशी बल्ब लावून ठेवतात. रात्रंदिवस जळतो. रेशमी साड्या, पासपोर्ट, पापडांचे डबे, रेडिओ, जे जे जपायचं ते त्यात. आमच्या कपाटात ह्यांची एकशे पस्तीस मिलीमीटरची लेन्सही होती. हे जाऊन नऊ वर्षं झाली. ह्यांनी तिच्यातून मुख्यतः कावळे टिपले, पण लेन्स जिवापाड जपली, आणि ह्यांच्यानंतर मीही जपली. खालच्या फळीवर, बल्बच्या अगदी जवळ, सगळ्यांत उबदार जागी.

काचेवर बुरशीचा ठिपकासुद्धा नव्हता. मी ती जोडरिंग लावून कॅमेऱ्यावर चढवली आणि गच्चीवर गेले. दोन-पॉइंट-आठपासून सुरुवात केली. गोल नाही. चार, पाच-पॉइंट-सहा, आठ. गोल नाही. अकरा. सोळा! गोल नाही! मी पुन्हा पहिल्यापासून केलं. एकाही चित्रात डागाचा मागमूस नाही.

मी खाली येऊन भावोजींना फोन केला. "तुमच्या भावाची लेन्स पहिल्या वर्गात पास झाली."

"सगळ्या टप्प्यांवर? सोळालासुद्धा?"

"सोळालासुद्धा."

"अशी लेन्स नसते वहिनी."

"असते. तुमच्याकडे नाही, इतकंच."

डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही कान्ह्याला गेलो. गाडी भावोजींनी चालवली. "खोटं सिद्ध होताना साक्षीदार हवा," असं त्यांचं म्हणणं. टेकडीच्या पायथ्याशी नंदाचं शेत आहे. ती आता नंदाबाई, सुना-नातवंडांची मालकीण, पण मला बघितल्यावर ओट्यावरून तिथूनच ओरडली, "आगं गुरुजींची अरू! लय दिसांनी वाट चुकलीस!"

तिला सगळं सांगितलं. ती भावोजींकडे वळली. "भाऊ, तुमी म्हणता तुंग दिसत न्हाई?"

"नाही दिसत, नंदाबाई."

"मंग आमी ल्हानपणी काय बघत होतो? तुमचं डोस्कं?"

भावोजींनी तिवई उचलली आणि भराभर चढायला लागले. माझे गुडघे कुरकुरत होते. नंदा पुढं पुढं चालत होती, अनवाणी.

वरून विसापूर दिसला. बाकी सगळं दुधी. मी तिवई सपाट केली, लेन्स एफ-अकरावर ठेवली, जशी निसर्गचित्राला ठेवतात तशी, आणि डावीकडून उजवीकडे चित्रं काढत गेले. पडद्यावर धुरकट खरंच विरलं होतं! लोहगड आला, तिकोन्याचा त्रिकोण आला. खिंडीचं चित्र मोठं करून पाहिलं.

खिंडीत काहीतरी होतं. राखाडी, मऊ, कडा विरघळलेल्या. जणू ओल्या कापसाचा बोळा.

"हा तुंग," मी म्हणाले.

"हा ढग," भावोजी म्हणाले.

"ढगाला टोक असतं का?"

"वहिनी, यालाही टोक नाही. नीट बघ. आणि बाकीचं पण बघ ना, विसापूरचा तट सुद्धा धड नाही. सगळ्यावर साय आलीय." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "सोडून दे. मी स्नेहलला सांगतो की हवा खराब होती. मंचावर वगैरे काही बोलायचं नाही."

ते मला जास्त लागलं. थट्टा मी सहन करू शकते, सहानुभूती नाही.

"तारीख दहा जानेवारी आहे," मी म्हणाले.

घरी आल्यावर मी ती चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली. इतक्या लहान छिद्रातून काढलेलं चित्र असं मऊ का? लेन्स वाईट म्हणावी, तर तिनं सगळ्या परीक्षा पास केल्या होत्या. मग मी गच्चीवरची परीक्षेची चित्रं काढून बसले. दुपारभर त्यांच्या मधोमध बघत राहिले. गोल नव्हताच. संध्याकाळी चहा ठेवला, आणि चहा उकळेपर्यंत सहज चित्राखालचे आकडे वाचले.

दोन-पॉइंट-आठला कॅमेऱ्यानं सेकंदाचा पाचशेवा भाग उजेड घेतला होता. ठीक. सोळाला?

पाचशेवा भाग.

अकराला पाचशेवा. आठला पाचशेवा.

मी गॅस बंद केला. नळ अर्धा बंद केला तर बादली भरायला जास्त वेळ लागणारच. छिद्र लहान केल्यावर कॅमेऱ्यानं जास्त वेळ उजेड घ्यायला हवा. वेळ बदलली नाही याचा अर्थ एकच. छिद्र बदललंच नाही. मी इतके दिवस फक्त मधला गोल शोधत होते, आणि आकड्यांकडे बघितलंच नव्हतं.

लेन्स कॅमेऱ्यावरून काढून खिडकीशी धरली आणि आकड्यांचं कडं फिरवलं. टक, टक, टक. आवाज अगदी नीट. आतली पाती जागची हलली नाहीत. सताड उघडी. त्यांच्यावर तेलाचा पातळ थर चमकत होता.

नऊ पावसाळे बल्बची ऊब. आतलं ग्रीस वितळून पात्यांवर उतरलं होतं आणि पाती चिकटून बसली होती. मी तिला बुरशीपासून वाचवलं, आणि वाचवता वाचवता तळून काढलं. लोणावळ्याबाहेरच्या माणसाकडून ही चूक झालीच नसती.

मला खरं म्हणजे वाईट वाटायला हवं होतं. पण मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं हसले. कारण आता कळलं होतं की खिंडीतला बोळा मऊ का आहे! छिद्र सताड उघडं असताना जुनी लेन्स अशीच साय धरते. पाती सुटली, तर तो बोळा काहीतरी होणार होता. ढग तरी, नाहीतर तुंग.

भावोजींना फोन केला. पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "म्हणजे लेन्स पास झाली नव्हती. तिनं पेपरच लिहिला नव्हता."

"आणि मी कोऱ्या उत्तरपत्रिकेला पैकीच्या पैकी गुण दिले."

"उद्या सकाळी येतो. पुण्यात एकाकडे देतो, तो पाती काढून साफ करतो."

"तुम्ही? तुम्हाला तर धबधबा लावायचाय."

"लावायचाय ना. पण हरलीस तर चांगल्या लेन्सनं हर. नाहीतर वर्षभर ऐकवशील." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी सकाळच्या पुणे लोकलनं ते ती पिशवीत घालून, मांडीवर धरून घेऊन गेले. मला माहीत आहे, कारण त्यांनी मांडीवरच्या पिशवीचा फोटो पाठवला.

लेन्स परत यायला नाताळ उलटला. मी पहिल्यांदा ती खिडकीशी धरली. पाती सुकी, काळी, आणि कडं फिरवताच फुलासारखी मिटत होती. मग भावोजी आणि मी गच्चीवर गेलो आणि तीच परीक्षा पुन्हा घेतली, या वेळी खाली आकडे वाचत.

सोळाला मधे पापड. अकराला पापड.

"झालं," भावोजी म्हणाले. "सगळ्यांसारखीच निघाली."

"थांबा."

आठला गोल फिका होता, पण होता. दोन-पॉइंट-आठला गोल नव्हता, पण सगळ्यावर ती साय. चारला साय विरळ. आणि पाच-पॉइंट-सहाला मी डोंगराच्या कडेवरचं एक झाड मोठं करून बघितलं. फांदी न् फांदी सुटी. मग मध्यभाग बघितला. स्वच्छ. आकाश डावीकडे जितकं काळं, मधे तितकंच, उजवीकडे तितकंच. मी पाच-पॉइंट-सहावर दहा चित्रं काढली, आकाशावर, उतारावर, शेजाऱ्यांच्या पांढऱ्या भिंतीवर. एकातही गोल नाही.

साय आणि पापड यांच्यामधे एकच टप्पा होता, आणि तो पुरेसा होता.

भावोजींनी स्वतः डोळे बारीक करून सगळी चित्रं तपासली. त्यांना दोष सापडला नाही, आणि ते त्यांना आवडलं की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. "लेन्स ठीक आहे," ते म्हणाले. "डोंगर अजून मधेच आहे."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा कान्हे. पुढं थांबून चालणार नव्हतं. एक तर मुदत, आणि एकदा शेतात राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायला, सुरुवात झाली की धूर वेगळाच. थंडी कडक होती. नंदानं वर येताना किटलीत चहा आणि ओटीत ओल्या हरभऱ्याचे डहाळे आणले होते. आम्ही वर पोहोचलो तेव्हा सगळं खोरं धुक्यानं काठोकाठ भरलेलं.

"आता?" भावोजी म्हणाले.

"आता हरभरा खा," नंदा म्हणाली. "धुकं काय तुमच्या बापाचं नोकर हाय व्हय, बोलावलं की उटून जायाला?"

आम्ही तिघं म्हातारी माणसं दगडावर बसून घाटे सोलत राहिलो. ऊन चढलं. धुकं आधी इंद्रायणीच्या अंगानं फाटलं, मग तुकडे होऊन वर उठलं आणि नाहीसं झालं. मागे राहिलं ते नेहमीचं दुधी धुरकट. नुसत्या डोळ्यांना विसापूरची आडवी पाठ दिसत होती. बाकी काही नाही.

मी उठले. तिवईवरच्या पाणसळीचा बुडबुडा मधे आणला. पाच-पॉइंट-सहा. कडं फिरवून पुन्हा तपासलं. डावीकडून सुरुवात केली.

पडद्यावर पहिल्यांदा तिकोना आला, काळाकुळकुळीत, पायथ्याशी पांढरी झाडं. मग डोंगराची उतरती धार. मग खिंड. मी ते चित्र काढलं, पण मोठं करून बघितलं नाही. हिंमत झाली नाही. पुढं गेले, लोहगड, विसापूर, शेवटच्या उतारापर्यंत. मग मागे आले आणि खिंडीचं चित्र उघडलं. मोठं केलं. अजून मोठं.

सुळका होता. टोकदार. दोन्ही कडा सुरीनं कापल्यासारख्या, आणि माथ्याखाली एक खांदा.

मी बाजूला झाले. भावोजी वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाकले.

"सुळका आहे," ते म्हणाले. "पण तुंगच कशावरून? मागचा दुसरा कुठला डोंगर असेल. तिकडं मोरगिरी पण आहे."

हे ते म्हणणार हे मला माहीत होतं. गणिताचे शिक्षक शेवटच्या पायरीवर अडवतातच. मी पिशवीतून नकाशा काढला. या टेकडीपासून तुंगपर्यंत मी घरीच पेन्सिलीनं रेघ ओढून ठेवली होती, आणि मोरगिरीपर्यंत दुसरी. होकायंत्र त्यांच्याच हातात दिलं. "तुम्ही मोजा. मी हात लावत नाही."

त्यांनी कॅमेरा पुन्हा खिंडीवर वळवला आणि त्याच्या रोखानं होकायंत्र धरलं. नकाशावर कोन मोजला. पुन्हा होकायंत्र. मोरगिरीची रेघ लोहगडाच्या दिशेला सरकलेली होती, खिंडीच्या बाहेर. तुंगची रेघ खिंडीच्या बरोबर मधून जात होती.

त्यांनी होकायंत्र मिटलं. मग माझ्याकडे न बघता, समोरच्या दुधी पांढऱ्याकडे बघत, मोठ्यानं म्हणाले, "तुंग दिसतो."

"काय म्हणालात? मला जरा कमी ऐकू येतं."

"तुंग दिसतो! दिसतो! झालं समाधान?"

"न्हाई," नंदा म्हणाली. "मला दावा आदी."

तिचे मोतीबिंदू गेल्या वर्षीच काढलेले. मी तिला पडद्यासमोर उभं केलं आणि पदराची सावली धरली. तिनं बोट लावलं, पडद्यावर हरभऱ्याची हिरवट खूण उमटवत. "ह्यो तिकोना. ह्यो तुंग. ह्यो लोहगड, आन् ह्यो इसापूर. आन् झाडं अशी पिठात लोळवल्यावानी का गं?" उत्तराची वाट न बघता ती भावोजींकडे वळली. "काय भाऊ? डोंगुर हाय का मधी?"

"नाही हो, नंदाबाई. खिंड आहे."

"मंग चा प्या."

ते चित्र जोडून झालं, छापलं गेलं आणि भिंतीवर चढलं. उद्घाटनाला मी भाषण करायचं असं स्नेहलनं ठरवलं होतं, पण माझ्याआधी भावोजीच माइककडे गेले. मला वाटलं, आता हे धबधब्याचं काहीतरी काढतात. ते म्हणाले, "मी गणिताचा माणूस. पंचवीस वर्षं याच शाळेत मी म्हणत आलो की या बाई भूगोलाच्या नावाखाली गोष्टी सांगतात. आज मोजून सांगतो, बाईंनी एक अक्षर खोटं शिकवलं नाही." आणि खाली येऊन बसले. टाळ्या वाजत होत्या आणि ते बुटाची नाडी बांधत होते, जी सुटलेली नव्हती.

मी माइक घेतला नाही. भिंतीपाशी गेले. बारा फूट रुंद मावळ. पांढऱ्या झाडांचे उतार, काळं आकाश, आणि खालून वळत गेलेला पवनेच्या खोऱ्याचा बाक. तुंग माझ्या तळहाताएवढा आला होता. समोर नववीचा वर्ग खाली सतरंजीवर बसला होता. हीच मुलं गेल्या वर्षी त्या टेकडीवर गेलेली. त्यांच्यातला एक उंच मुलगा मान खाली घालून बसला होता आणि त्याचे मित्र त्याला कोपरानं ढोसत होते. गंडवलं म्हणणारा कोण हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

"तू, उभा राहा," मी म्हणाले. "नाव काय?"

"सत्यम, बाई."

"ये पुढं. डावीकडून सुरू कर. मोठ्यानं."

तो आला. भिंतीवर हात ठेवत चालत गेला आणि एकेक नाव घेत गेला. तिसऱ्या नावापासून सगळा वर्ग त्याच्याबरोबर म्हणू लागला.